दादीची दखनी ‘बिगडी हुई उर्दू’ नाही: भाषा आणि संस्कृतीचं संशोधन म्हणजे नेमकं काय?

बारावीचा निकाल लागला की लोणावळ्यातले, कामशेत-वडगावकडचे पालक आमच्याकडे चौकशीला येतात. सायन्सवाल्यांचे प्रश्न ठरलेले असतात. नीट, सीईटी, फी किती, होस्टेल आहे का. या वेळी मात्र एक अब्बा मुलीला घेऊन आले आणि जरा रागातच म्हणाले, “सर, हिला भाषेचा अभ्यास करायचाय म्हणे. भाषा तर आपण घरात बोलतोच की. त्यात संशोधन कसलं करायचं?” मुलगी सगळा वेळ गप्प होती. निघताना दारातून एवढंच म्हणाली, “सर, दादी बोलती ना, वो मेरेकू लिखना है.”

अब्बांचा प्रश्न चुकीचा नव्हता. डॉक्टर काय करतो ते दिसतं, भाषेचा किंवा सिनेमाचा अभ्यासक दिवसभर काय करतो ते आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख. आणि उदाहरणासाठी लांब जायची गरज नाही, आपल्याच मावळ-मुळशीच्या डोंगरांपासून सुरुवात करता येते.

पुण्यात स्थायिक झालेले मूळचे फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून या डोंगराळ भागातल्या बायांबरोबर काम केलं. काम करता करता त्यांच्या लक्षात आलं की या बाया सभेत फारसं बोलत नाहीत, पण जात्यावर बसल्या की बोलतात. म्हणजे ओव्या गातात. मग त्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात झाली. गावागावातल्या कार्यकर्त्यांनी वह्या भरल्या. पुढे बर्नार बेल हे तंत्रज्ञ सोबत आले आणि १९९०च्या दशकात ध्वनिमुद्रणही झालं. आज हा संग्रह एक लाखाहून जास्त ओव्यांचा आहे. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या बाया. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या मालिकेच्या रूपात इंटरनेटवर ठेवल्या आहेत, मोबाइलवर कोणालाही ऐकता येतात.

यात संशोधन कुठे आलं? नुसत्या ओव्या गोळा करणं म्हणजे संशोधन नाही. प्रत्येक ओवीला गाणारीचं नाव लावलं, गाव लावलं, विषय लावला. सीता, माहेर, सासुरवास, लेक, भाऊ, शेत, बाबासाहेब आंबेडकर. असं वर्गीकरण झाल्यावर प्रश्न विचारता येतात. सीतेबद्दल बाया काय म्हणतात आणि पोथी काय म्हणते, यात फरक आहे का? लेकीच्या जन्माची ओवी आणि लेकाच्या जन्माची ओवी शेजारी ठेवली तर काय दिसतं? ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांनी आपल्या आयुष्याबद्दल काय विचार केला होता, हे कुठल्याही सरकारी दप्तरात मिळत नाही. इथे मिळतं. आणि हे काम वेळेत झालं म्हणून मिळतं. गावात विजेची गिरण आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि जात्याबरोबर गाणंही थांबलं.

आता आपल्या घराकडे येऊ. जातं हिंदू घरातही होतं आणि मुसलमान घरातही होतं. दखनी भाषेत ‘चक्कीनामा’ नावाचा गाण्यांचा एक प्रकारच आहे. सूत कातताना गायचा तो ‘चरखानामा’. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७०च्या दशकात विजापूरच्या सूफींवर संशोधन केलं, तेव्हा त्यांना जुन्या दखनी हस्तलिखितांत ही गाणी भेटली. त्यांच्यापुढचा प्रश्न मोठा होता. दख्खनच्या खेड्यापाड्यांत इस्लाम पोहोचला कसा? सूफींचे मोठे ग्रंथ फारसीत होते, ते खेड्यातल्या बाईच्या हाती लागणं शक्य नव्हतं. ईटन यांचं म्हणणं असं की साध्या दखनीतली ही कामाची गाणी बायांनी उचलली. दळताना जात्याच्या फेऱ्याबरोबर अल्लाहचा जिक्र चालायचा, तेच आई मुलाला मांडीवर घेऊन गायची, आणि अशा रीतीने दीन घरात उतरला.

काहींना या गाण्यांतली पीर-मुर्शिदांची भाषा आज पटणार नाही. तो दीनी मुद्दा वेगळा आहे आणि त्यासाठी आपले उलेमा आहेत. संशोधक फतवा देत नाही. काय गायलं गेलं, कोणी गायलं, का गायलं, हे तो नोंदवतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ‘तलवारीच्या जोरावर’ हे वाक्य आपण आयुष्यभर ऐकत आलो आहोत. त्याला उत्तर म्हणून भाषण पुरत नाही, असला पुरावा लागतो, आणि तो एका गृहस्थाने दळणाच्या गाण्यांत शोधला.

त्या मुलीची दादी जे बोलते ती हीच दखनी, तीनशे-चारशे वर्षांनंतरची, मराठीच्या शेजाराने आणखी रंगलेली. आपल्याकडे हिला नाव काय आहे? ‘बिगडी हुई उर्दू.’ वर्गात एखादं पोरगं “मैंइच लाया” म्हणालं की बाकीचे हसतात. खरं सांगायचं तर कधीकाळी आम्हीही असल्या वाक्यांवर लाल पेन चालवलं आहे. बीएडला शुद्धलेखन शिकवतात, बोलीचं व्याकरण शिकवत नाहीत.

भाषाशास्त्र इथे एक साधी कसोटी लावतं. चूक ही दर वेळी वेगळी असते. एकच गोष्ट सगळे जण, सगळीकडे, एकाच पद्धतीने बोलत असतील तर ती चूक नसते, तो नियम असतो. दखनीला ही कसोटी लावून बघा. ‘मैंइच’, ‘अब्बीच’, ‘तूच’ यातला ‘च’ कुठला? मराठीतला. मीच, आत्ताच, तूच. ‘नको’ तर सरळच मराठी. पुस्तकी उर्दू म्हणते ‘मैंने रोटी खाई’, दखनी म्हणते ‘मैं रोटी खाया’. म्हणजे ‘ने’ गळतो आणि क्रियापद रोटीच्या मागे न जाता खाणाऱ्याच्या मागे जातं. हे कोणी एक अडाणी माणूस करत नाही, सगळे करतात. ‘बातां’, ‘लोगां’, ‘औरतां’ ही अनेकवचनं जुन्या दखनी पोथ्यांतही आहेत. ‘क़लम’चं ‘ख़लम’ होतं, आणि मराठीतही ‘वक़्त’चा ‘वखत’च झालेला आहे.

आम्हाला सगळ्यात आवडणारं उदाहरण ‘बोलके’चं. “पानी गिर रा बोलके नई आया.” लखनौच्या माणसाला हे वाक्य ऐकून गोंधळायला होईल. कोण बोललं? काय बोललं? पण मराठीत शब्दाला शब्द ठेवा: “पाऊस पडतोय म्हणून आलो नाही.” ‘म्हणणे’पासून ‘म्हणून’, तसं ‘बोलना’पासून ‘बोलके’. तेलुगू आणि कन्नडमध्येही कारण सांगायची हीच रीत आहे. शब्द उत्तरेचे, वाक्याची चाल दख्खनची. इथल्या पावसात भातलावणीला डोक्यावर घ्यायचं इरलं, त्याला उर्दूत शब्द कुठून येणार? म्हणून “इरला लेको गया”. याला भ्रष्ट म्हणायचं की इथली माती म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

आणि ही भाषा उर्दूची गरीब धाकटी बहीण आहे हाही गैरसमजच. विजापूर-गोवळकोंड्याच्या दरबारांत दखनीत काव्य लिहिलं जात होतं तेव्हा दिल्लीचे शायर बहुतेक फारसीतच लिहीत होते. हैदराबाद वसवणाऱ्या मुहम्मद कुली कुतुबशाहचा मोठा दीवान दखनीत आहे. वली दखनी १७०० च्या सुमारास दिल्लीला गेला आणि आपल्या बोलीतही मोठी शायरी होऊ शकते हे तिथल्या लोकांना त्याच्यामुळे पटलं, असं उर्दू साहित्याचा इतिहासच सांगतो. आपल्या लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी खाली देहूला जाते. त्या देहूच्या तुकोबांच्या गाथेत ‘दरवेस’, ‘मलंग’ अशा शीर्षकांची, याच दख्खनी हिंदुस्तानीतली पदं आहेत. एकनाथांनीही ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. म्हणजे ही बोली फक्त आपल्या मोहल्ल्यात कोंडलेली नव्हती, बाजारात, वारीत सगळ्यांच्या कानावर पडत होती.

उलट्या दिशेचा प्रवासही तपासला गेला आहे. घरातला सातबारा किंवा जुनं खरेदीखत काढून बघा. मौजे, तर्फ, तालुका, जिल्हा, तहसील, दस्त, वारस. सगळे अरबी-फारसीतून आलेले शब्द. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तर जुन्या मराठी पत्रांतले शब्द चक्क मोजले. १६२८ च्या पत्रात शंभरातले सुमारे ८५ शब्द फारसी, १६७७ च्या पत्रात सुमारे ३८, १७२८ च्या पत्रात जेमतेम ६. मधल्या काळात राज्य बदललं होतं, आणि शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला होता. शब्द मोजून राजकारण दिसतं ते असं. पुढे माधव जूलियन या नावाने कविता लिहिणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी १९२५ मध्ये ‘फारसी-मराठी कोश’ काढला, आणि औरंगाबादला राहून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं काम करणारे मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरच्या फारसी असरावर उर्दूत पुस्तक लिहिलं. एकच विषय, एक ब्राह्मण कवी आणि एक मौलवी. दोघांचंही काम आज आपल्या घरांत कोणाला माहीत नसतं, हे आम्हा मास्तर लोकांचंच अपयश.

सिनेमाचा अभ्यास म्हणजे सिनेमे बघत बसणं नाही, हेही अब्बांना सांगावं लागलं. एक प्रश्न घ्या: सिनेमात दखनी कोण बोलतं? ‘गुमनाम’ (१९६५) मध्ये मेहमूद हैदराबादी ढंगात बोलतो, आणि तो घरातला खानसामा-नोकर आहे, लोकांना हसवायला ठेवलेला. त्याच काळातल्या मुस्लिम कौटुंबिक सिनेमांत, म्हणजे ‘चौदहवीं का चांद’ (१९६०), ‘मेरे महबूब’ (१९६३) वगैरेंत, नवाबी घरातले नायक-नायिका नजाकतीची लखनवी उर्दू बोलतात. प्रेक्षकाच्या मनात काय बसलं? खरी मुसलमानी भाषा ती, आणि आपली ती विनोदाची. वर्गात ‘मैंइच’वर जे हसू येतं त्याचं एक मूळ इथेही असेल. मग १९७४ मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ आला. त्यात गावातली गरीब माणसं तीच बोली बोलतात, पण कोणी हसत नाही, कारण तिथे ती दुःखाची आणि रागाची भाषा आहे. बोली तीच, जागा बदलली. सिनेमाचा अभ्यासक हा फरक दाखवतो, आणि त्यासाठी त्याला जुने सिनेमे पुन्हा पुन्हा बघायला मिळावे लागतात.

ते मिळतात कुठे? पुण्यात. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, भंगारातूनसुद्धा, फिल्मची रिळं मिळवली. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा जो भाग आज बघता येतो तो त्यांच्यासारख्यांच्या धडपडीमुळे. पण १९३१ चा पहिला बोलपट ‘आलम आरा’, हिंदुस्तानी भाषेतला, त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. तसंच भारतातल्या पहिल्या महिला दिग्दर्शक फातमा बेगम यांचं. त्यांचा ‘बुलबुल-ए-परिस्तान’ (१९२६) आता बघायला मिळत नाही. एक मुसलमान बाई शंभर वर्षांपूर्वी सिनेमा काढत होती, आणि आपल्याकडे फक्त नाव उरलं. जपून न ठेवण्याची किंमत अशी असते.

बातम्यांच्या अभ्यासाबद्दल थोडक्यात. ‘मीडिया आपल्याला बदनाम करतो’ ही तक्रार चहाच्या टपरीवर रोज होते. अभ्यासक तक्रार करत नाही, मोजतो. एका वृत्तपत्राचे तीन महिन्यांचे अंक घ्यायचे. गुन्ह्याच्या बातमीत आरोपीचा धर्म किती वेळा सूचित केला, कोणाच्या बाबतीत केला, कोणाच्या नाही. शेती, शिक्षण, खेळ यांच्या बातमीत मुसलमान नाव किती वेळा आलं. तक्ता तयार झाला की संपादकासमोर ठेवता येतो. कधी कधी तक्ता आपलीही समजूत खोटी ठरवतो, तेही मान्य करायची तयारी हवी.

आता शिक्षणाचा व्यवहार. ही सगळी ठिकाणं लोणावळा-पुणे लोकलच्या आवाक्यात आहेत. लोकलने शिवाजीनगरला उतरलं की फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट जवळ, तिथे विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग आहे. फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालय लॉ कॉलेज रस्त्याच्या भागात. भाषाशास्त्रासाठी येरवड्याचं डेक्कन कॉलेज. राज्य मराठी विकास संस्थेबरोबर त्यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे, त्यातली गावागावातल्या माणसांची ध्वनिमुद्रणं संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. यातलं बहुतेक शिक्षण पदवीनंतरचं आहे, त्यामुळे आधी बीए करावं लागेल. मराठी, उर्दू, इंग्रजी, समाजशास्त्र, कुठलंही चालेल, पण दोन भाषा पक्क्या हव्यात. आपल्या मुलांना उर्दू आणि मराठी दोन्ही लिप्या वाचता येणं ही इथे मोठी पुंजी आहे. दखनी पोथ्या फारसी लिपीत आहेत आणि शेजारचा मराठी पुरावा मोडी-देवनागरीत. दोन्हीकडे हात घालू शकणारे अभ्यासक थोडेच आहेत.

नोकरीचं खोटं आश्वासन आम्ही देणार नाही. प्राध्यापकाच्या जागा कमी निघतात, स्पर्धा मोठी आहे. भाषांतर, सबटायटल, कोशाचं काम, पत्रकारिता, आणि मोबाइल-संगणकाला भारतीय भाषा शिकवण्यासाठी लागणारं आवाजाचं आणि मजकुराचं काम, असे इतर रस्ते आहेत. पीएचडीसाठी यूजीसी-नेटमधून जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात. अल्पसंख्याकांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली, त्याचा फटका आपल्या मुलींना जास्त बसला असं आम्हाला वाटतं. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ या संस्थेला ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तिथून संशोधनाला काय मदत मिळते याचा पाठपुरावा समाजातल्या शिकलेल्या लोकांनी करायला हवा, नुसतं निवेदन देऊन फोटो काढून चालणार नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घराला करायची आहे, संशोधक असो वा नसो. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्यात मातृभाषेचा रकाना असतो. जनगणनेच्या लेखी मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलायची ती. धर्माची भाषा नाही, शाळेचं माध्यम नाही. २०११ मध्ये महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख होते आणि उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे आपल्यातल्या लाखो लोकांनी मराठी किंवा दुसरी भाषा सांगितली, आणि त्यात काही वावगं नाही. त्याच जनगणनेत देशभरातून मातृभाषेची १९,५६९ नावं आली, छाननी करून ती १,३६९ झाली आणि शेवटी १२१ भाषांत बसवली गेली. दखनी सांगितली तर तीही कुठल्यातरी मोठ्या नावाखाली जाऊ शकते. तरी प्रगणक दारात आला की घाईत ‘लिखो उर्दू’ किंवा घाबरून ‘लिहा मराठी’ असं नको. आई खरंच काय बोलायची ते आठवून सांगा.

त्या मुलीला आम्ही कॉलेजच्या फॉर्मबरोबर एक कामही दिलं. सुट्टीत दादीजवळ बसायचं, आधी दादीची परवानगी घ्यायची, आणि मोबाइलवर आवाज टेप करायचा. सुरुवातीला तारीख, गाव, दादीचं माहेर, वय बोलून घ्यायचं. ‘काही तरी सांग’ असं विचारायचं नाही, मोठी माणसं गांगरतात. भात कसं लावायचे, शादीत मेंदीच्या रात्री काय गायचे, घरातल्या भांड्यांना काय म्हणायचे, असं एकेक धरायचं. दादी मध्येच मराठीत गेली तर जाऊ द्यायचं, दुरुस्त करायचं नाही. नंतर ऐकून जसं बोलली तसंच लिहायचं. आणि गाणं थांबलं म्हणून लगेच रेकॉर्डिंग बंद करायचं नाही, कारण विसरलेली ओळ बरेचदा त्यानंतरच आठवते.